झोपेतला होकार

भूल उतरताना माणूस खरं बोलतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. माणूस तेव्हा स्वप्नातलं बोलतो. पंचवीस वर्षं बायकांचे आजार आणि बाळंतपणं बघितल्यावर एवढं मी खात्रीने सांगू शकते.

भुलीचं एक औषध असं आहे की त्याने दुखणं थांबतं, पण डोळे मात्र उघडेच राहू शकतात. बाई छताकडे बघत असते आणि तिला दिसत असतं भलतंच. माझा दवाखाना उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. मागची भिंत जीन्स शिवणाऱ्या कारखान्याला लागून आहे, त्यामुळे मशिनींची घरघर दिवसभर भिंतीतून झिरपत असते. जाग्या माणसाला तिची सवय होते. भूल उतरत असलेल्या बाईला मात्र ती जणू पहिल्यांदाच ऐकू येते. कुणाला मधमाश्या वाटतात, कुणाला पिठाची गिरणी. एकीला आपण विमानात बसलोय असं वाटलं आणि तिने मला खिडकी उघडायला सांगितली. कापडाचं दुकान चालवणारी एक सिंधी आजी टेबलावरून ओरडली, "अरे पुट, चेनवाला माल अलग रख, बटनवाला अलग!" लताबाईंनी शांतपणे "रखा, दादी, रखा" म्हटलं, तेव्हा कुठे ती गप्प झाली.

लताबाई माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. बदलापूरच्या पलीकडच्या गावाहून येतात. हुद्दा आयाचा, अधिकार माझ्याहून मोठा. दवाखान्याचे दोन नियम त्याच राबवतात. पहिला असा, की भूल उतरल्यावर बाईला आपलं नाव आणि आजचा वार नीट सांगता येईपर्यंत पडद्याच्या आत कुणालाही सोडायचं नाही. नवरा, सासू, आई, कुणालाच नाही. अर्धवट झोपेत बाई काय बोलेल याचा नेम नसतो, आणि ते ऐकून ठेवणाऱ्यांची कमतरता नसते.

दुसरा नियम सहीचा. काय करणार आहोत ते मी बाईला सांगते. मग तिने ते मला आपल्या शब्दांत सांगायचं. सांगता आलं नाही तर सही नाही, आणि सही नाही तर ऑपरेशन नाही. लताबाई याला 'तोंडी परीक्षा' म्हणतात आणि बाकावर बसलेल्या बायकांना आधीच दम देतात, "नीट ऐका गं, मंग बाई इचारतील. नापास झालात तर घरी."

उत्तरं मात्र झकास मिळतात. तांबी बसवून घ्यायला आलेली शहाडची एक मुलगी म्हणाली, "दाराला कडी लावणार, पण आतून. मला वाटेल तेव्हा काढता येईल." एवढं चांगलं वर्णन आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट सहसा माहीत नसते, म्हणून सांगते. सज्ञान बाईच्या गर्भपाताला किंवा नसबंदीला कायदा तिचीच संमती मागतो, नवऱ्याची सही मागत नाही. तरी दवाखान्यादवाखान्यांतून ती घेतली जाते. ती सही बाईसाठी नसते, डॉक्टरच्या धीरासाठी असते. उद्या कुणी दारात येऊन आरडाओरडा केला तर दाखवायला कागद हवा. मीही अशा सह्या पुष्कळ घेतल्या आहेत.

हा दुसरा नियम मी काढलेला नाही. एका पेशंटने तो घालून दिला. तिला इथे सविता म्हणू.

सविता माझ्याकडे आली ती चारेक वर्षांपूर्वी. दुपारची वेळ होती. ओपीडी संपत आली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर हळूहळू हलत होतं. मी तिचा चेहरा बघायच्या आधी तिची बोटं बघितली. टोकं निळी होती. जीन्सचे लोंबणारे धागे कापायचं काम घरी घेणाऱ्या बायकांची बोटं अशी होतात. नव्या कापडाचा रंग नखांच्या कडेला जाऊन बसतो आणि साबणाने निघत नाही.

वय चौतीस. पहिला नवरा वारलेला. त्याच्यापासून एक मुलगी, एक मुलगा, दोघंही आता शाळेत. अडीच वर्षांपूर्वी दुसरं लग्न झालं होतं. नवरा महेश अंबरनाथला एका कारखान्यात फिटर. त्याचं हे पहिलंच लग्न. मूल होत नव्हतं.

"दोन सीझर झालेत माझे," ती म्हणाली, "म्हणजे मला होतात हे सगळ्यांना माहितीये. पण सासूबाई म्हणतात, त्याला दिलीस, माझ्या महेशला देत नाहीस. जसं काय मी आतून मुद्दाम अडवून ठेवलंय."

"आधी कुणाला दाखवलंस?"

"दोन डॉक्टर केले. गोळ्या दिल्या. सोळा सोमवार पण झाले."

"तुला स्वतःला हवंय का मूल?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आधी कळू द्या, होतंय की नाही ते. मग हवंय का ते सांगते."

मला बाई आवडली. नेहमीप्रमाणे विचारलं, सीझर कुठे झालं होतं? तिने दवाखान्याचं नाव सांगितलं आणि माझं पेन थांबलं.

तो दवाखाना आता नाही. मालक डॉक्टर वारले. ती जागा गेली, कागदपत्रं रद्दीत गेली. स्वतःचा दवाखाना काढण्याआधी मी तिथे नोकरी करत होते.

"दुसऱ्या वेळी मला भूल अर्धीच लागली होती," सविता सांगत होती. "पाठीत सुई दिली, तरी दुखत होतं. मग हातातून काहीतरी दिलं. सगळं ऐकू येत होतं, पण मी तिथे नव्हते. वालधुनीच्या काठावर बसले होते. आपली नदी कशी असते, माहितीये ना तुम्हाला. पण तेव्हा स्वच्छ होती, तळ दिसत होता, आणि सगळं पाणी निळं. मी बाळाचे कपडे धूत होते. जेवढे धुवावे तेवढे निळे होत होते. मला काही वाईट वाटत नव्हतं. उलट बरं वाटत होतं."

मला पेशंटचे चेहरे आठवत नाहीत, स्वप्नं आठवतात. ही खोड जुनी आहे. ती निळी नदी माझ्या डोक्यात अकरा वर्षं वाहत होती. कुणी सांगितली होती एवढंच विसरले होते.

ती सांगत राहिली आणि भिंतीपलीकडच्या मशिनींचा आवाज लांब जात राहिला. मला ते जुनं टेबल दिसायला लागलं. हिरवी चादर. बाळ रडून झालेलं, नर्सने गुंडाळून नेलेलं. मी टाके घालायला घेतलेले. दारातून तिच्या तेव्हाच्या सासूचा आवाज, "मुलगा झाला ना? मग बास. ऑपरेशन पण करून टाका." नवऱ्याने बाहेर सही करून दिलेली. मोठे डॉक्टर म्हणाले, पोट उघडंच आहे, परत कशाला उघडायचं? तिला विचारून घ्या आणि करा.

मी विचारलं. तिच्या तोंडाजवळ वाकून विचारलं, "सविता, मुलं बंद करायचं ऑपरेशन करायचं ना?"

ती छताकडे बघून हसली आणि म्हणाली, "हो." मग म्हणाली, "पाणी किती निळं आहे."

मी नळ्या बांधल्या.

तिची सही राहिली होती. ती डिस्चार्जच्या दिवशी मीच घेतली. त्या दिवशी पाच डिस्चार्ज होते. कागदांची चळत पुढे केली आणि बोट ठेवत गेले, "इथे, इथे आणि इथे." निळ्या बोटांनी पेन धरून तिने तीन सह्या केल्या. तिला वाचता येत होतं. मी वाचायला वेळ दिला नाही. सासूला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. आम्हाला वाटलं, घरच्यांनी सांगितलं असेल. मधली बाई बाळ घेऊन घरी गेली. पुढे चार-सहा महिन्यांत नवरा गेला, तिचं सासर सुटलं, आणि तिला सांगेल असं कुणी उरलंच नाही.

समोरची सविता वाकून माझ्याकडे बघत होती. "मॅडम, झोप आली का तुम्हाला?"

"नाही. नळ्यांचा एक्स-रे काढून आण," मी म्हटलं आणि चिठ्ठी लिहून दिली. त्या दिवशी एवढंच म्हटलं.

एक्स-रेत काय येणार ते मला माहीत होतं. दोन्ही नळ्या सारख्याच जागी बंद. आता सांगायचं ते असं, की मी गप्प बसले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. नळ्या जंतुसंसर्गानेही बंद होतात. तसं सांगितलं असतं तर खोटं पकडायला एक कागद शिल्लक नव्हता. तो आठवडा मी कसा काढला ते मला धड आठवत नाही. काम चालू होतं, हात चालत होते, पण सगळं काचेपलीकडे घडत असल्यासारखं. एका दुपारी हात धुवायला उभी राहिले आणि नळ सोडून पाण्याकडे बघतच राहिले. मागून लताबाई म्हणाल्या, "बाई, पानी चाललंय."

त्यांना मी सगळं सांगितलं. त्या शेजारी स्टुलावर बसल्या. स्वतःहून कधी बसत नाहीत.

"तिला सांगनार हाव का नाय?"

"सांगितलं तर काय होईल माहीत आहे ना? ती केस करेल. करायलाच हवी. आणि घरी तिला हाकलून दिलं तर?"

"आनि नाय सांगितला तर? पोरगी जलमभर सोमवार धरेल." त्यांनी नळ बंद केला. "तुमी तिच्या घरचा इचार नका करू. तो तिचा तिला करू द्या. तवा पन तुमी सगल्यांनी तिच्यासाठी इचार केलाच होता."

आठवड्याने सविता आली, या वेळी नवऱ्याला घेऊन. महेश सरळ माणूस होता, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. एक्स-रेचं पाकीट त्याच्याच हातात होतं.

"तुम्ही बाहेर बसा," मी म्हटलं.

"मॅडम, मी नवरा आहे तिचा."

"माहीत आहे."

"मग मला पण कळायला पाहिजे ना, काय प्रॉब्लेम आहे ते. का मी बाहेरचा?"

"या दारापुरते बाहेरचेच. तिची तब्येत तिला सांगते. तुम्हाला काय सांगायचं ते ती ठरवेल. पाकीट तिच्याकडे द्या."

लताबाई दारात उभ्याच होत्या. "या दादा, पंख्याखाली बसा. च्या घेता का?" महेश गेला, पण दार लोटून घेताना वळून सविताकडे बघत गेला.

मी फिल्म उजेडाला धरून दाखवली. नळ्या कुठे बंद आहेत ते सांगितलं. मग त्या का बंद आहेत ते सांगितलं. मग कुणी केल्या ते. एकदम सांगितलं. गोष्ट सोपी करून सांगायला गेलं की तिच्यात आपण आपल्यासाठी पळवाट ठेवतो.

भिंतीपलीकडे कुणीतरी मशिन बंद केली आणि परत चालू केली.

"मी हो म्हणाले?"

"म्हणालीस. पण तू जागी नव्हतीस. ते मला दिसत होतं."

"आणि सही?"

"तुझीच आहे. मी वाचून दाखवलं नाही, वाचायलाही दिलं नाही."

"का?"

"घाई होती. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, दोन मुलं आहेत, एक मुलगा आहे, काय बिघडतंय?"

"तेव्हा विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलंही असतं," ती म्हणाली. "दोन बास होती मला. पण मग मला माहीत असतं. याच्याशी लग्न ठरताना मी आधीच सांगितलं असतं, की बाबा, असं असं आहे, चालत असेल तर बघ. अडीच वर्षं त्या घरात मी चोरासारखी राहिले, मॅडम. चोरी तुमची होती."

मी हो म्हटलं.

तिला काय काय करता येईल ते मी एका कागदावर लिहून दिलं. माझ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची तेही लिहिलं. आणि घडलं ते कबूल करणारं पत्र सहीनिशी दिलं. तिने ते ओळ न् ओळ वाचलं. एक्स-रेच्या पाकिटात घातलं आणि निघाली. दारात वळून म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या ना, आतून अडवलंय. अडवलेलंच निघालं."

बाहेर महेशने "काय झालं?" म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. तिने काय उत्तर दिलं ते नाही आलं. तेवढ्यात लताबाईंनी दार ओढून घेतलं होतं.

मग दोन महिने काही नाही. दारावरची बेल वाजली की मला वाटायचं, नोटीस आली. स्वप्नात मात्र मी नदीवर जायची. पाणी निळं असायचं, आणि काठावर कुणीच नसायचं.

ती आली ती पुन्हा दुपारीच. महेश न सांगता बाकावर बसला. तिने माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"तक्रार करायची का ते अजून ठरवलं नाही. तो कागद माझ्याकडे आहे. तो मुद्दा वेगळा."

"बरोबर," मी म्हटलं.

"याला सगळं सांगितलं. एक रात्र भावाकडे जाऊन राहिला, मग आला. म्हणाला, तू म्हणशील तसं. सासूबाई काही म्हणत नाहीत, भांडी मात्र जोरात आपटतात." ती जराशी हसली. "आता मला हवंय का, ते सांगते. हवंय. नळ्या परत जोडता येतात ना?"

जोडता येतात, कधीकधी. मी तिला सगळं समजावलं. काम फार बारीक असतं. माझी एक वर्गमैत्रीण कल्याणला आहे, ती हे करते, मी तिला बोलावेन. मी फॉर्म काढला. बोट ठेवून "इथे" म्हणणार, एवढ्यात सविताने तळहाताने फॉर्म झाकला.

"थांबा. आता मी सांगते, तुम्ही ऐका. चुकलं तर बोला."

मी मागे टेकून बसले.

"जिथे बांधलंय तो तुकडा कापून टाकणार. दोन्ही तोंडं समोरासमोर आणणार आणि केसाएवढ्या दोऱ्याने शिवणार. शिवण बसली तर बसली. नाही बसली तर पोटावर एक व्रण जास्त, बाकी काही नाही. बसली तरी बाळ नळीतच अडकू शकतं, ते जिवावरचं असतं. म्हणून पाळी चुकली की वाट न बघता तुमच्याकडे यायचं. आणि दिवस गेलेच तर तिसरं सीझर, त्यातही धोका आहे. हे सगळं करायचं का नाही, ते मी ठरवलंय. याने नाही, तुम्ही नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग आणा पेन."

दारात उभ्या लताबाई म्हणाल्या, "पास."

त्या दिवसापासून आमच्याकडे तोंडी परीक्षा सुरू झाली.

ऑपरेशनच्या दिवशी तिने एकच अट घातली होती. झोपताना आणि उठताना समोर मी असायला हवी. मैत्रीण भिंग लावून काम करत होती, मी मदतीला होते. ज्या गाठी मी मारल्या होत्या त्या अकरा वर्षांनी मोठ्या होऊन भिंगात दिसल्या. व्यवस्थित होत्या. माझं काम नेहमीच व्यवस्थित असतं, हेच तर.

दुपारी भूल उतरली. भिंतीपलीकडे मशिनी चालू होत्या. मी वाकून विचारलं, "नाव?"

"सविता."

"वार?"

"गुरुवार."

मग न राहवून विचारलं, "काही दिसलं? नदी वगैरे?"

तिने डोळे किलकिले केले. "काही नाही. गाढ झोप लागली होती. कशाला उठवलंत?"

वाचक आता विचारतील, शिवण बसली का? मूल झालं का? तिने तक्रार केली का? या तिच्या गोष्टी आहेत. ज्या दाराबाहेर मी तिच्या नवऱ्याला बसवलं, त्याच दाराबाहेर वाचकांनाही बसवते. पंखा आहे, लताबाई चहा देतील.

दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी आधी तिला फोन केला. मागच्या आठवड्यात ती दवाखान्यात आली. मी हे सगळं तिला पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिने दोन जागी थांबवून दुरुस्त केलं. सासूबाईंची भांडी राहू द्या म्हणाली. बोटं निळी लिहिलीत तीही राहू द्या. सविता हे नावही तिनेच सुचवलं. शाळेत तिच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं, जिच्या वेण्यांचा तिला हेवा वाटायचा.

वाचून झाल्यावर मी कागद खाली ठेवले. "आता तू सांग. मी काय लिहिलंय?"

"परीक्षा?"

"परीक्षा."

बाहेर बाकावर कुणीतरी लताबाईंशी हुज्जत घालत होतं.

"तुम्ही लिहिलंय की मी झोपेत हो म्हणाले, आणि तुम्ही ते खरं धरलं," ती म्हणाली. मग कागदांची चळत उचलून, कडा जुळवून, तिने माझ्याकडे सरकवली. "आता जागी आहे. छापा."